हौसेचं ऑपरेशन म्हणून दुखणं लपवू नका

प्रश्न : माझं वय 39, राहणार नाशिक. दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. दुसऱ्या खेपेनंतर पोट जे सुटलं ते सुटलंच. अडीच वर्षं घाम गाळून 17 किलो वजन उतरवलं, तरी पोटाची कातडी पिशवीसारखी लोंबत राहिली. घडीखाली उन्हाळ्यात चट्टे उठायचे, आग व्हायची. शेवटी पुण्याला जाऊन टमी टक, म्हणजे पोटाची लोंबती कातडी कापून ताणून शिवायचं ऑपरेशन, करून घेतलं. आज बारावा दिवस. आतलं रक्त-पाणी बाहेर यायला घातलेल्या नळ्या सातव्या दिवशी काढल्या, तोवर सगळं छान होतं. नवव्या दिवशी धाकटा पलंगावरून पडायला लागला म्हणून मी झटकन त्याला उचललं. रात्री उजवीकडे, टाक्यांच्या थोडी वर, लिंबाएवढी गाठ हाताला लागली. सकाळी तिथं काळंनिळं. दोन दिवस कुणाला बोलले नाही, कारण मिस्टर आधीच म्हणाले होते, ‘हौस तुझी आहे, नंतर कुरकुर नको.’ घरातली अंगदुखीची गोळी घेत राहिले. काल न राहवून पुण्याला गेलो. सोनोग्राफीत हिमॅटोमा, म्हणजे आत साकळलेलं रक्त, निघाला, साधारण 40 मिली. सर्जन म्हणाले, आत्ता सुई घालून काही निघणार नाही, आठवड्यानं या. तोवर पट्टा बांधा आणि ती गोळी बंद करा. सासूबाई म्हणतात, गरम पाण्याच्या पिशवीनं शेक, गाठ विरघळेल. नणंद म्हणते, डॉक्टर टाळतोय, दुसरीकडे दाखव. ही गाठ हृदयाकडे गेली तर? मुलाला उचललं म्हणून झालं का? आणि एवढं सोसून पोट वेडंवाकडंच राहणार का? रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : ताई, तुमचं पत्र सदरात घ्यायच्या आधीच तुम्हाला निरोप धाडला होता : गाठ वाढत असेल, छातीत धडधडत असेल, तर उत्तराची वाट बघू नका, आजच्या आज दवाखाना गाठा. तुम्ही लगेच कळवलंत की गाठ आहे तेवढीच आहे, ताप नाही, दुखणं पॅरासिटामॉलनं थांबतंय. जीव भांड्यात पडला. आता निवांत बोलू.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते 40 मिली रक्त नाही. टोचलं ते ‘दोन दिवस कुणाला बोलले नाही’ हे वाक्य.

मी प्लास्टिक सर्जरी शिकत होते तेव्हाची एक रात्र मला अजून दिसते. वॉर्डात एक बाई होत्या, सकाळीच पोटाचं ऑपरेशन झालेलं. रात्री दीड-दोनच्या सुमाराला फेरीवरच्या सिस्टरनं मला उठवलं. ‘मॅडम, त्यांची बेंबी सरकलीय.’ मी टॉर्च घेऊन गेले. खरंच, बेंबी मधून डावीकडे ढकलल्यासारखी झाली होती, कारण उजवी बाजू आतून फुगत होती. नळीच्या टोकाच्या फुग्यात जेमतेम चमचाभर रक्त होतं, म्हणून संध्याकाळपासून सगळे निर्धास्त. प्रत्यक्षात नळीच गोठलेल्या रक्तानं तुंबली होती. नाडी 120 च्या घरात. मी विचारलं, दुखतंय का? त्या म्हणाल्या, ‘ताणल्यासारखं होतंय केव्हापासून. सकाळी सांगणार होते. इथं एवढी आजारी माणसं आणि माझं आपलं हौसेचं.’ त्यांना त्याच रात्री पुन्हा टेबलावर घेतलं, ओंजळीनं गोठलेलं रक्त काढलं. वाहत होती ती रक्तवाहिनी शिवणाच्या दोऱ्याएवढी. बाई बऱ्या झाल्या. पण सिस्टर झोपाळू असती तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करते.

तेव्हापासून मी माझ्या प्रत्येक पेशंटला सांगते आणि तुम्हालाही सांगते. ऑपरेशन हौसेनं केलं की गरजेनं, हे रक्ताला कळत नाही. पोटाच्या घडीखाली चट्टे उठणं, दोन बाळंतपणांत फाकलेले पोटाचे स्नायू, याला मी हौस म्हणणारच नाही. आणि समजा निव्वळ छान दिसावं म्हणून केलं असतं, तरी दुखल्यावर सांगायचा हक्क तेवढाच होता.

आता त्या ‘गाठी’बद्दल. आपल्या मराठीत या एका शब्दानं फार घोटाळा केला आहे. कर्करोगालाही गाठ, पायाच्या शिरेत रक्त गोठलं तरी गाठ, आणि मुका मार लागून आत रक्त साकळलं तरी गाठच. म्हणून तुम्हाला हृदयाची भीती वाटली. हिमॅटोमा म्हणजे रक्तवाहिनीच्या बाहेर, मोकळ्या जागेत साठलेलं रक्त. ते रक्तवाहिनीतून आधीच बाहेर पडलेलं आहे, त्याला हृदयाकडे किंवा फुप्फुसाकडे जायला वाटच नाही. जी गाठ फुप्फुसात जाऊ शकते ती वेगळी. ती पायाच्या खोल शिरेच्या आत तयार होते, आणि पोटाच्या ऑपरेशननंतर माणूस पडून राहिला की तिचा धोका वाढतो. म्हणून तर तुम्हाला ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून, वाकून का होईना, चालायला लावलं असेल. हिमॅटोमाच्या धास्तीनं आता अंथरुणाला खिळून राहिलात तर जी गाठ नाही ती ओढवून घ्याल. घरातल्या घरात दर दोन तासांनी पाच-दहा मिनिटं हळूहळू चाला. आणि पोटरीला मालिश करायला कुणाला देऊ नका.

रक्त साठलं कुठं, हेही समजून घ्या, म्हणजे पुढचं पटेल. गादीची खोळ खालच्या कडेनं उसवायची, वरपर्यंत गादीपासून सुटी करायची, खाली ओढून जास्तीचं कापड कापायचं आणि ताणून पुन्हा शिवायची, असं काहीसं हे ऑपरेशन असतं. कातडी आणि चरबीचा थर स्नायूंपासून बरगड्यांपर्यंत सुटा करताना स्नायूंतून वर येणाऱ्या कितीतरी बारीक रक्तवाहिन्या कापून बंद कराव्या लागतात. खोळ आणि गादी पुन्हा एकमेकींना चिकटायला काही आठवडे जातात. तोवर मधली फट उघडी असते, आणि एखाद्या बंद केलेल्या वाहिनीनं तोंड उघडलं की रक्त तिथं जमतं. बहुतेक वेळा हे पहिल्या 24 ते 48 तासांत होतं, कारण भुलीखाली उतरलेला रक्तदाब शुद्धीवर आल्यावर चढतो. तुमच्यासारखं नंतर होणं कमी, पण होतं.

मग सर्जन थांबा का म्हणाले? नणंदबाईंना हे जरूर वाचून दाखवा. ताजं साकळलेलं रक्त घट्ट असतं, कवडी दह्यासारखं. दह्यात सुई घालून ओढून बघा, काय येतं? थेंबभर पाणी. तेच रक्त आठ-दहा दिवसांत आपोआप विरत जातं, पातळ होतं, आणि मग सुईतून काकवीसारखं काळपट, दाटसर बाहेर येतं. आज सुई खुपसली असती तर निघालं काहीच नसतं, उलट बाहेरचे जंतू आत जायची सोय झाली असती. गाठ लहान आहे, वाढत नाही, वरची कातडी चांगली आहे, पेशंटची नाडी-रक्तदाब ठीक आहे, अशा वेळी थांबणं हीच उपचाराची रीत आहे. मीही हेच केलं असतं.

तरीही दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावंसं वाटलं तर खुशाल घ्या, त्यात तुमच्या सर्जनचा अपमान नाही. फक्त एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी केलेल्या डॉक्टरांकडे जा आणि सोबत डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट न्या. कागद मागितल्यावर रुग्णालयानं ते 72 तासांत द्यावेत, असा 2002 पासूनचा वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. संकोच करू नका.

या आठवड्यात घरी काय करायचं ते सांगते. आरशासमोर उभं राहून, किंवा सासूबाईंच्या मदतीनं, गाठीची कड बोटांनी चाचपा आणि साध्या मार्करनं तिच्याभोवती रेघ ओढा. बाजूला तारीख आणि वेळ लिहा. टाक्यांना पेन लावू नका. रेघ गाठीभोवती हवी, काळ्यानिळ्या रंगाभोवती नको, कारण रंग तर पसरणारच. तो वजनानं खाली उतरतो, जांघेत येतो, अगदी मांडीपर्यंत येतो, मग हिरवट होतो, पिवळा होतो. जांघ जांभळी झाली म्हणून रात्री अकराला रडत फोन करणाऱ्या कितीतरी बायका मी समजावल्या आहेत. तो रंग म्हणजे रक्त जिरत असल्याची खूण. बघायचं ते एवढंच, की हाताला लागणारी घट्ट कड रेघेच्या बाहेर गेली का. रोज सकाळी एकाच खिडकीपाशी, एकाच बाजूनं फोटो काढून ठेवा. सर्जनला फोनवर ‘थोडी मोठी वाटतेय’ सांगण्यापेक्षा असे दोन फोटो शंभरपट उपयोगी पडतात.

एक वही करा. सकाळ-संध्याकाळ ताप, आणि दहा मिनिटं शांत पडून राहिल्यावर मनगटावर मिनिटभर मोजलेली नाडी. बस, एवढंच.

पट्ट्याबद्दल फार जणींचा गैरसमज असतो की जितका आवळू तितकी गाठ दबेल. तसं नाही हो. वरच्या कातडीचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो, त्यात करकचून आवळलं तर टाक्यांच्या कडेची कातडी काळी पडू शकते. आत दोन बोटं सहज जातील एवढाच घट्ट ठेवा. पट्ट्याला चुणी पडू देऊ नका, बसताना ती वळून कातडीत रुतते. दिवसातून दोनदा पडल्या पडल्या सोडून कातडी बघा. झोपताना पाठीमागे उशांची उतरंड आणि गुडघ्यांखाली एक उशी, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही.

आणि शेक. सासूबाईंची माया मला दिसते, पण गरम पाण्याची पिशवी अजिबात नको. ही गोष्ट मी ठासून सांगते आहे. ऑपरेशनमध्ये कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे बेंबीखालचा भाग कित्येक महिने बधिर असतो. पिशवी किती गरम आहे हे तुम्हाला कळणारच नाही. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, पोटावर तळहाताएवढा फोड. त्यांना कळलं कधी, तर पट्ट्याला ओल लागली तेव्हा. फोडाचा डाग कायमचा राहिला, गाठ मात्र तशीही विरली असती. बर्फाचंही तेच, बधिर कातडी बर्फानंही भाजते. तेल लावून चोळणं, लेप लावणं, लाटण्यानं दाबणं, यातलं काहीही नको. चोळल्यानं बंद झालेली वाहिनी पुन्हा उघडू शकते.

गोळ्यांबद्दल. तुम्ही घेतलेल्या गोळीत आयब्युप्रोफेन होतं, हे तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या पाकिटावरून दिसलं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन या गोळ्या रक्तातल्या प्लेटलेट्सना, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींना, एकमेकींना चिकटू देत नाहीत. आयब्युप्रोफेनचा असर साधारण दिवसभरात ओसरतो, अ‍ॅस्पिरिनचा आठवडाभर, कधी दहा दिवसही रेंगाळतो. सर्जननं ती बंद केली ते योग्यच. पॅरासिटामॉल चालेल, पण सर्दी-तापाच्या गोळ्यांतही तेच असतं, तेव्हा दोन्ही एकदम नकोत. हळदीचं दूध, भाजीतला लसूण, आलं घातलेला चहा, याला माझी ना नाही. मात्र हळदीच्या, लसणाच्या, माशाच्या तेलाच्या किंवा ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल सुरू असतील तर थांबवा आणि सर्जनला सांगा. (हे वाचणाऱ्या इतरांसाठी : हृदयासाठी, स्टेंटसाठी किंवा पायातल्या गाठीसाठी रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते स्वतःच्या मनानं बंद करू नका. तो निर्णय दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो.)

जाता जाता आणखी एक. मिश्री लावायची सवय असेल तर सोडा. ‘मी कुठं सिगारेट ओढते’ असं म्हणून बायका ती सांगत नाहीत, पण तंबाखू ती तंबाखूच. तिनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्यांच्या कडा भरत नाहीत.

शौचाला कुंथावं लागू देऊ नका, पोटावर तेव्हा फार जोर येतो. रात्री इसबगोल, भरपूर पाणी, पपई. खोकला किंवा शिंक आली तर उशी पोटाशी घट्ट धरा आणि मग शिंका. हे वाचायला किरकोळ वाटेल, पण दाबून ठेवलेल्या पोटावर शिंकेचा झटका कमी लागतो.

आता, वाट बघत कधी थांबायचं नाही, ते सांगते. गाठ काही तासांत रेघेबाहेर गेली, पोटाची एक बाजू तबल्यासारखी ताठ झाली, गोळीनं न थांबणारी कळ अचानक सुरू झाली, टाक्यांतून लाल रक्त येऊ लागलं, पडून असताना नाडी 100 च्या वर राहू लागली, दरदरून घाम फुटला, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, लघवी कमी झाली, तर आत नव्यानं रक्त वाहतंय असं धरून चाला. कातडी काळी किंवा शिशासारखी दिसू लागली, तर दाबानं तिचा रक्तपुरवठा तुटतोय. ताप 100.4 च्या वर गेला, गाठ लाल-गरम झाली, वास किंवा पू आला, तर साठलेल्या रक्तात जंतू शिरलेत, जंतूंना ते फार मानवतं. आणि एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागून छातीत दुखलं, तर ती मघाशी सांगितलेली दुसरी गाठ असू शकते. तिथं मिनिटाचाही उशीर नको.

अशा वेळी पुण्याला निघू नका. नाशिक ते पुणे 210 किलोमीटर, चाकणची गर्दी धरून पाच तास. आत रक्त वाहत असताना संगमनेरपर्यंत पोचेपर्यंतच हाल होतील. 108 ला फोन करा किंवा गाडीनं नाशिकमधल्याच, चोवीस तास सर्जन आणि ऑपरेशन थिएटर असलेल्या, रक्तपेढी जवळ असलेल्या रुग्णालयात जा. निघताना पुण्याच्या सर्जनना फोन करा, ते तिथल्या डॉक्टरांशी बोलतील. असं रुग्णालय कुठलं, हे आज, हातीपायी धड असतानाच ठरवून ठेवा आणि नंबर फ्रिजच्या दारावर लावा. काही खाऊ-पिऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. थिएटरमध्ये काय करतात? तेच टाके थोडे उघडतात, गोठलेलं रक्त काढतात, आतून धुतात, वाहणारी वाहिनी शोधून बंद करतात आणि नवी नळी घालून शिवतात. वेळेत झालं तर शेवटचा निकाल बहुतेक वेळा पहिल्यासारखाच येतो.

तुमच्यावर ही वेळ येईल असं मला वाटत नाही. पण ठाऊक असलेलं बरं.

मुलाला उचललं म्हणून झालं का? प्रामाणिक उत्तर असं, की हातभार लागला असेल. उचलताना पोटाचे स्नायू आवळतात, रक्तदाब क्षणभर उसळतो, नुकती बंद झालेली वाहिनी उघडू शकते. गोळीचाही वाटा असेल. पण काडीही न उचललेल्या, सगळी पथ्यं पाळलेल्या बायकांनाही हिमॅटोमा झालेला मी पाहिला आहे. नेमकं कशानं, हे कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. पोर पडताना बघून आई हात मागे घेत नाही. ते तुमच्याकडून पुन्हाही होईल, म्हणून पलंगाला कठडा लावून घ्या किंवा गादी जमिनीवर घाला. कशानं झालं याचा विचार एवढ्यावर थांबवा.

भीती कमी व्हावी म्हणून एक माप देते. 40 मिली म्हणजे तीन मोठे चमचेही नाहीत. रक्तदानाच्या पिशवीत 350 मिली घेतात आणि दाता चहा-बिस्कीट खाऊन घरी जातो. या गाठीमुळे अशक्तपणा येणार नाही. तरी ऑपरेशनमध्ये थोडं रक्त गेलेलं असतं, म्हणून नाशिकलाच एकदा हिमोग्लोबिन बघून घ्या. कमी आलं तर लोहाची गोळी सर्जन देतील. ती चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत घ्या. अळिवाचे लाडू, नाचणी, अंडी, कडधान्यांच्या उसळी, हे सासूबाईंच्या हातचं येऊ द्या. त्यांचा शेक नाकारलात, तर त्या जागी दुसरं काहीतरी त्यांच्या हाती द्यायला हवं. ती नाडी-तापाची वही त्यांच्याकडे सोपवा. आमच्या वॉर्डात असंच करायचो. काळजी करणाऱ्या माणसाला काम दिलं की ते पेशंटला लेप लावत नाही.

सुईच्या दिवशी पुण्याला जाताना सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव असं थांबत जा, प्रत्येक ठिकाणी उतरून पाच मिनिटं चाला. सोनोग्राफीवर बघत, जंतुनाशक लावून सुई घालतात. भाग बधिर असल्यानं टोचल्याचं दुखणं बहुधा जाणवणारही नाही, ओढल्यासारखं वाटेल एवढंच. सगळं एका खेपेत निघेल असं नाही. थोडं मागे राहतं, ते शरीर जिरवतं. आठवड्यानं पुन्हा भरलं तर पुन्हा काढतात, दोनदा-तीनदा करावं लागलं तर उपचार फसले असं समजू नका. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पिवळसर, गवती चहासारखं पाणी आलं तर तो सिरोमा, म्हणजे अंगातलं पाणी. या ऑपरेशननंतर तो हिमॅटोमापेक्षा जास्त वेळा दिसतो. जवळच्या दवाखान्यात ‘जरा सुई घालून द्या’ असं मात्र कुणाला सांगू नका. खाली शिवलेले स्नायू आहेत, जागा माहीत असलेल्या हातानंच ते व्हावं.

जाण्यापूर्वीच खर्चाचं विचारून ठेवा. कितीतरी सर्जन याचे वेगळे पैसे घेत नाहीत. विम्यावर मात्र भिस्त ठेवू नका, सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आपल्याकडच्या पॉलिसींत साधारणपणे वगळलेली असते.

पोट वेडंवाकडं राहील का? रक्त निघाल्यावर किंवा जिरल्यावर त्या जागी कातडीखाली काहीतरी घट्ट काही महिने हाताला लागेल. सुपारीसारखं, कधी दोरीसारखं. तो व्रण आहे, बहुतेकदा हळूहळू मऊ पडतो. सूज तर हिमॅटोमा नसलेल्यांचीही तीन महिने राहते, संध्याकाळी जास्त. आज आरशात दिसतंय ते तुमचं पोट नाही, ती ऑपरेशनची सूज आहे. वर्ष होईपर्यंत आकाराचा निकाल लावू नका. वर्षानंतर खड्डा किंवा उंचवटा राहिलाच तर तो छोट्या उपायानं सुधारता येतो, पण एवढ्याशा गाठीनंतर त्याची गरज क्वचित पडते.

आता तुमच्या मिस्टरांसाठी दोन ओळी, त्यांना दाखवा. दादा, पुण्याला तुम्हीच घेऊन गेलात, म्हणजे काळजी तुम्हालाही आहे. ‘कुरकुर नको’ हे तुम्ही सहज बोलला असाल, पण त्या एका वाक्यापायी तुमच्या बायकोनं दोन दिवस पोटात रक्त साठलेलं लपवलं. आज रात्री तिच्याजवळ बसून एवढंच सांगा, ‘काहीही झालं तर मला उठव.’ आणि पुढचे सहा आठवडे पाण्याची बादली, सिलिंडर, किराणा आणि पोरगा, हे तुमच्याकडे.

ताई, धाकट्याला उचलता येत नाही म्हणून तो हिरमुसला असेल. तुम्ही पलंगावर टेकून बसा, पोटाशी उशी धरा आणि त्याला त्याचा तो चढून तुमच्या कुशीत येऊ द्या. फक्त डाव्या बाजूनं.